शहरातल्या गर्दीत डिझेल गाडीचा धूर खरंच कमी कसा ठेवायचा?

वारजेकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत एकांनी परवा पार्किंगमध्ये आनंदानं सांगितलं, "डीपीएफ काढून टाकला, वरून रीमॅप मारला. आता लाइट लागत नाही, पिकअप वाढला आणि पीयूसीसुद्धा लगेच निघाली." (डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, रीमॅप म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं.) गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या सरकारी मर्यादांच्या सगळ्यात कडक टप्प्यातली, फार जुनीही नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि ऐकणाऱ्या दोघातिघांनी गॅरेजचा नंबर मागून घेतला. डीपीएफ त्रास का देतो आणि तो काढल्यावर नेमकं काय बाहेर पडतं, यावर एकदा इथे नीट बोलायला हवं असं तेव्हापासून वाटतंय.

डिझेलच्या धुरातल्या दोन गोष्टी सगळ्यात वाईट. एक काजळीचे सूक्ष्म कण, दुसरी नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स. कण फुप्फुसात खोलवर जातात. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये स्पष्ट जाहीर केलं आहे. नॉक्स सहसा डोळ्यांना दिसत नाही, पण दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो आणि उन्हात त्यातूनच ओझोन तयार होतो. बीएस-४ च्या काळात डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नॉक्स आणि २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० ला आपण बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर आलो आणि हेच आकडे ८० आणि ४.५ झाले. डिझेलमधलं गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आणलं गेलं, कारण गंधक जास्त असेल तर ही नवी यंत्रणा टिकत नाही.

काजळीसाठी असतो डीपीएफ. सिरॅमिकचा ठोकळा, त्यात बारीक समांतर नळ्या, आणि एकाआड एक नळीचं तोंड बंद. त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरूनच पुढे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. नॉक्ससाठी ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय), आणि त्याच्या जोडीला एलएनटी (नॉक्स धरून ठेवणारा सापळा) किंवा एससीआर (युरियाच्या मदतीनं नॉक्स मोडणारा उत्प्रेरक). एससीआरमध्ये युरियाचं द्रावण (ॲडब्लू किंवा डीईएफ म्हणतो ते, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी) गरम धुरात फवारलं जातं आणि नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी होतं.

खरी मेख पुढे आहे. या सगळ्याला उष्णता लागते. एससीआर साधारण २०० अंशांच्या खाली नीट काम करत नाही. डीपीएफमधली काजळी जाळायची तर सुमारे ६०० अंश लागतात. मी ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटचं) छोटं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर एक्झॉस्टचं तापमान बघत असतो. कर्वे रोडला नळस्टॉपच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या की आकडा घसरत घसरत दीडशेच्या आसपास येतो आणि तिथेच रेंगाळतो. दहा मीटर पुढे, क्लच, पुन्हा थांबा. तीच गाडी बायपासवर एकसारख्या साठच्या वेगाला लागली की काही मिनिटांत अडीचशेच्या पुढे जाते. म्हणजे जिथे माणसं सगळ्यात जास्त, फुटपाथवर, दुचाकीवर, बसथांब्यावर, नेमकी तिथेच आपली सफाई यंत्रणा अर्धवट जागी असते.

काजळी ठराविक पातळीपर्यंत साठली की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ती जाळायला घेतो. यालाच रिजन म्हणतात. इंजिनात थोडं डिझेल मुद्दाम उशिरा सोडलं जातं, ते पुढच्या उत्प्रेरकात जळतं आणि डीपीएफ तापतो. हे नीट व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते. त्याच वेळी आपण ऑफिसला पोचून चावी फिरवली की काम अर्धवट राहतं, आणि उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. असं वारंवार झालं की ऑइल पातळ होतं आणि फिल्टर तुंबतो. मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाइट लागतो, आणि मग कुणीतरी गॅरेजचा नंबर देतं.

रिजन चालू आहे हे ओळखणं अवघड नाही. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा जास्त, हजाराच्या आसपास. एरवी सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी बंद होत नाही. त्या क्षणाचं ॲव्हरेज अचानक खाली येतं. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि तापल्याचा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर बंद करू नका, एखादी मोकळी फेरी मारून या. आणि वाळक्या गवतावर गाडी लावू नका, खालचा भाग भयंकर तापलेला असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बीएस-६ डिझेल गाडी शहरातही बरीच स्वच्छ चालू शकते, पण तिची यंत्रणा जागेवर हवी आणि मालकाला तिची सवय समजलेली हवी. तुमचे अनुभव लिहा. मेकॅनिक मंडळींनी तर जरूर लिहा.

घोडबंदर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. माझं रोजचं ठाणे ते बीकेसी. सकाळी लवकर निघतो तेव्हा गाडी खूष असते, संध्याकाळी परतताना हालत वाईट. रिजनची लक्षणं लिहिली आहेत ती तंतोतंत जुळतात, पंख्याचा आवाज ऐकून वॉचमन विचारतो, "साहेब, गाडी चालूच आहे का?"

एक शंका. सिग्नल मोठा असेल तर गाडी बंद करावी की नको? बंद केली तर तो उत्प्रेरक थंड पडणार, मग धूर जास्तच निघेल ना?

आकडेमोड

घोडबंदर, शंका रास्त आहे, पण होतं उलटं. डिझेल इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा जितकं इंधन जळतं त्या मानानं हवा खूप आत ओढतं. त्यामुळे बाहेर पडणारा वायू तसा गारच असतो, आणि तो सतत उत्प्रेरकावरून वाहत राहिला की त्याला थंड करत राहतो. इंजिन बंद केलं तर वाहणं थांबतं, धातूच्या डब्यातली उष्णता बराच वेळ टिकते. मिनिटभराहून मोठा थांबा असेल तर बंद करणंच चांगलं. अपवाद दोन: रिजन चालू असेल तेव्हा, आणि घाट चढून किंवा जोरात पळवून लगेच थांबला असाल तेव्हा. टर्बोला (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याला) गार व्हायला थोडा वेळ द्या.

मी वाहन-चाचणीच्या क्षेत्रात काही वर्षं काम केलं आहे, म्हणून प्रयोगशाळा आणि रस्ता यातल्या फरकाबद्दल लिहितो.

२०२३ पर्यंत आपल्याकडे गाडी पास व्हायची ती प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) नावाच्या ठरलेल्या चक्रावर. संथ वेग वाढवणं, ठरलेल्या वेगानं चालणं, कमाल वेग ९० किमी. खोलीचं तापमान ठरलेलं. अशा चाचणीसाठी गाडी नेमकी जुळवून घेणं कंपन्यांना जमतं. फोक्सवॅगननं तर सॉफ्टवेअरच असं लिहिलं होतं की गाडीला चाचणी चालू आहे हे कळायचं आणि तेवढ्यापुरती ती सज्जन व्हायची. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, तेव्हा एका गाडीत नॉक्स मर्यादेच्या ३५ पटींपर्यंत निघालं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्यानं प्रकरण जाहीर केलं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं चौकशी केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ही एआरएआय म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरचीच. रोज फिरायला जाणाऱ्या कित्येकांना तिथे आत काय चालतं याची कल्पना नसते.

१ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि रस्त्यावरची चाचणी आपल्याकडेही बंधनकारक झाली. गाडीच्या मागे पेम्स नावाचं यंत्र लावायचं, शहर, बाहेरचे रस्ते आणि महामार्ग असं चालवायचं, आणि नॉक्स प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या १.४३ पटीत बसलं पाहिजे. ८० गुणिले १.४३ म्हणजे साधारण ११४ मिलिग्रॅम. कणांच्या संख्येसाठी १.५ पट. त्यामुळे २०२३ नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाची टाकी दिसायला लागली, कारण रस्त्यावर पास व्हायला तेच खात्रीचं पडतं. सेकंड हँड डिझेल घेणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवा. २०२० ते २०२३ मधली गाडी आणि नंतरची गाडी, दोन्हीवर "बीएस-६" च लिहिलेलं असतं, पण शहरातल्या नॉक्समध्ये फरक असू शकतो.

वारजेकर

आकडेमोड, १.४३ चा हिशेब इतका सोपा करून सांगितल्याबद्दल आभार. एक विचारतो: डीपीएफ काढलेली गाडी पीयूसीत पास होतेच कशी?

आकडेमोड

कारण पीयूसी कणांची संख्या मोजत नाही, नॉक्सही मोजत नाही. डिझेलची पीयूसी म्हणजे धुराचा दाटपणा. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, असं काही वेळा, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र बघतं. बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रतिमीटर, बीएस-६ ला ०.७. आधुनिक कॉमन रेल इंजिन (जास्त दाबानं डिझेल बारीक फवारणारं) चांगल्या स्थितीत असेल तर डीपीएफ नसतानाही डोळ्याला दिसेल असा धूर फारसा सोडत नाही. त्यातले कण प्रकाश अडवायला फार बारीक असतात. बीएस-६ ची कणसंख्येची मर्यादा किलोमीटरमागे ६०,००० कोटी आहे. आकडा अवाढव्य वाटेल, पण फिल्टर नसलेली डिझेल गाडी याच्या कित्येक पट कण सोडते. चांगला डीपीएफ ९५ टक्क्यांहून जास्त कण अडवतो. तो काढला की गाडी त्या बाबतीत दोन पिढ्या मागे गेली, आणि प्रमाणपत्र मात्र नव्या गाडीचं.

पंचगंगा

सगळं मान्य, पण राग येतो तो असा की दरवेळी सल्ला खाजगी गाडीवाल्यालाच. आमच्या कोल्हापुरात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा बघा, जुने टेम्पो बघा, रॉकेल घातल्यासारखा धूर. त्यांना कोण विचारतं? चार पैसे जास्त मोजून बीएस-६ घेतली ती आम्ही. त्यात रस्त्यांची धूळ वेगळीच. माझ्या एका गाडीनं असा काय फरक पडणार आहे?

वारजेकर

पंचगंगा, जुन्या ट्रक-टेम्पोंबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. एक बिघडलेला जुना ट्रक कित्येक नव्या गाड्यांइतका धूर सोडतो. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी आणि त्यासाठी आपण ओरडलंही पाहिजे.

पण आपल्या हातातली गाडी तर आपण चालवतो ना? तिच्यात आधीच बसवलेला, आपण पैसे मोजलेला फिल्टर आहे. तो चालू ठेवायला नवं काही विकत घ्यायचं नाही. आणि चौकातल्या नॉक्सचं म्हणाल तर ते जवळच्या गाड्यांचं असतं, दहा किलोमीटरवरच्या ट्रॅक्टरचं नसतं. आपल्याकडे नॉक्समधल्या नायट्रोजन डायऑक्साइडचं वर्षभराच्या सरासरीचं मानक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपला सल्ला १० वर आणला. चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस आणि हातगाडीवर भाजी विकणारी बाई यांच्यासाठी हा फरक रोजचा आहे.

तेलपाणी

गॅरेज चालवतो, वीस वर्षं डिझेलमध्येच हात काळे. माझ्याकडे आठवड्याला कुणी ना कुणी डीपीएफ काढून द्या म्हणत येतो. मी काढत नाही. कारण सांगतो.

दहा गाड्या "डीपीएफ चोकअप" म्हणून आल्या तर त्यातल्या बऱ्याच गाड्यांत डीपीएफ हा आजार नसतोच. काजळी जास्त तयार होते आहे, म्हणून तो भरतो. टर्बोपासून निघणारा रबरी होज जरासा फाटलेला असतो, हवा बाहेर पळते, इंजिनाला हवा कमी पडते, काजळी वाढते. इंजेक्टर गळका असतो. ईजीआर व्हॉल्व्हवर काजळीचा थर बसून तो अर्धा उघडाच अडकतो. एअर फिल्टर बदललेला नसतो. कधी तर डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची छोटी रबरी नळी तडकलेली असते. कॉम्प्युटरला दाब चुकीचा कळतो आणि बिचारा फिल्टर बदनाम. त्या नळीची किंमत किरकोळ असते हो. फिल्टर काढून टाकला की मूळ आजार तसाच राहतो, फक्त त्याची सूचना देणारा लाइट गेला.

दुसरं, ऑइल. कंपनीनं लो-सॅप्स, म्हणजे कमी राख होणारी ग्रेड सांगितलेली असते, एसीईए (युरोपीय ऑइल मानक) सी२ किंवा सी३ अशी काहीतरी, गाडीच्या पुस्तकात बघा. आपली मंडळी दोन पैसे वाचवायला ट्रकचं ऑइल भरून घेतात. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातंच. त्या ऑइलमधल्या रसायनांची राख होते आणि ती डीपीएफमध्ये बसते. काजळी जळते, राख जळत नाही. कितीही हायवेवर पळवा, ती तिथेच. मग फिल्टर खोलून मशीनवर साफ करणं किंवा बदलणं एवढंच उरतं. टाकीत ओतायच्या "डीपीएफ क्लीनर" बाटल्या राखेचं काही करू शकत नाहीत.

तिसरं, डीप स्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. गार गाडीत, सपाट जागेवर, पंधरा दिवसांतून एकदा बघा. पातळी कमी झाली तर सगळे घाबरतात. बीएस-६ डिझेलमध्ये पातळी वाढली तर जास्त घाबरा. ऑइलला डिझेलचा वास येत असेल, बोटावर पाण्यासारखं पातळ लागत असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता बदला. बेअरिंग गेलेली इंजिनं मी उघडली आहेत, आणि कारण फक्त अर्धवट रिजन.

चालवण्याबद्दल एकच सांगतो. ॲव्हरेजच्या नादात लोक चौथ्या गिअरला बाराशे आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढतात. इंजिन गुरगुरतं, काजळी ढिगानं निघते. एक गिअर खाली या, पंधराशे ते दोन हजारात ठेवा, हलका पाय. आणि सकाळी सुरू करून दहा मिनिटं जागेवर तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर सांभाळून चालवा. इंजिन चालवल्यानंच लवकर तापतं.

घोडबंदर

तेलपाणी भाऊ, हा प्रतिसाद छापून गाडीच्या पुस्तकात ठेवण्यासारखा आहे. गिअरचं लगेच अमलात आणतो.

शाळेचा_डबा

मला गाडीच्या यंत्रातलं काही कळत नाही, पण एक सांगावंसं वाटलं. माझा मुलगा दुसरीत आहे. शाळा सुटायच्या आधी पंधरावीस मिनिटं गेटबाहेर व्हॅन आणि गाड्यांची रांग लागते, एसीसाठी सगळ्यांची इंजिनं चालू. मुलं बाहेर येतात ती बरोबर सायलेन्सरच्या उंचीला. मोठ्या माणसाचं नाक वर असतं, सहा-सात वर्षांच्या पोराचं तिथेच असतं. माझ्या मुलाला हिवाळ्यात श्वासाचा पंप घ्यावा लागतो. मी तिथे उभी राहून लोकांच्या काचा वाजवून विनंती करते. काही जण लगेच बंद करतात, काही काच वर करतात.

वारजेकर यांनी लिहिलंय तसं नुसत्या चालू गाडीत ती यंत्रणा थंडच पडणार असेल, तर ही रांग म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार झाला ना?

आकडेमोड

हो ताई, बरोबर ओळखलंत. डीपीएफ शाबूत असेल तर कण थंड फिल्टरमध्येही अडकतात, ती जमेची बाजू. पण नॉक्सची सफाई जवळपास थांबते, आणि जुन्या व्हॅनना यातलं काहीच नसतं. शिवाय एसी लावून उभी डिझेल कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जाळते. व्हॅनवाल्यांना हा हिशेब पैशात सांगून बघा. विनंतीपेक्षा तो लवकर पटतो असा अनुभव आहे. शाळेला पालक संघाकडून लेखी द्या: गेटपासून दोन्ही बाजूंनी ठराविक अंतर "इंजिन बंद" ठेवायचं आणि तिथे शिपाईकाकांना उभं करायचं. पावसाळ्यात एसीचं निमित्तही उरत नाही, सुरुवात तेव्हा करा.

शाळेचा_डबा

पालक सभा पुढच्या आठवड्यात आहे, लेखीच देते. धन्यवाद.

नेकारकाठ

मी गेली काही वर्षं श्टुटगार्टमध्ये आहे, म्हणजे डिझेल गाड्यांच्या माहेरी. इथे नेकारटोअर नावाचा एक चौक आहे. तिथल्या मोजणी केंद्रावर नायट्रोजन डायऑक्साइड वर्षानुवर्षं युरोपीय मर्यादेच्या वर असायचं. लोक कोर्टात गेले. शेवटी १ जानेवारी २०१९ पासून युरो-४ (आपल्या बीएस-४ सारखा युरोपातला टप्पा) आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली, स्थानिक रहिवाशांना तीन महिन्यांची सवलत देऊन. ज्या शहराचं पोट गाड्यांवर चालतं त्या शहरात हे झालं. तेव्हा किती आरडाओरडा झाला ते आठवतंय, माझ्या शेजाऱ्यांना चालू स्थितीतली गाडी विकावी लागली.

पण मला वरच्या पीयूसीच्या मुद्द्यावर सांगायचं आहे. जर्मनीत २०२३ पासून युरो-६ डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत धुराचा दाटपणा बघून भागत नाही, कणांची संख्या मोजतात. इंजिन नुसतं चालू ठेवून नळी लावायची, घन सेंटिमीटरला २,५०,००० च्या वर कण निघाले तर गाडी नापास. फिल्टर काढलेली किंवा तडकलेली गाडी या चाचणीत लपत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्येही अशीच मोजणी आहे. तपासणी काही मिनिटांची असते. भारतात बीएस-६ गाड्यांसाठी हे आलं तर डीपीएफ काढण्याचा धंदा आपोआप बसेल असं मला मनापासून वाटतं.

वारजेकर

नेकारकाठ, अगदी हेच. आपल्याकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. पण पकडायचं यंत्रच पीयूसी केंद्रात नसेल तर कलम कागदावर राहतं. बीएस-६ डिझेलला कणमोजणी आणा, ही मागणी आपण ग्राहक म्हणून करायला हवी. जे फिल्टर सांभाळतात त्यांच्यावर त्याचा काहीच बोजा पडणार नाही.

पंचगंगा

आता ही मागणी मला पटली. ट्रक-टेम्पोंनाही लावा म्हणजे झालं.

बायपासकर

रिजनसाठी मोकळी फेरी मारा असं वर लिहिलंय त्याला पुरवणी. पुण्यात लोक यासाठी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार निवडतात, कृपा करून तिथे नको. तो उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, मागून अवजड गाड्या येतात, आणि उतारावर इंजिनावर भार नसल्यानं तापमानही वाढत नाही. न्यूट्रल टाकून उतरणं तर कुठेच नको. रिजनला लागतो तो हलका, सलग भार. खेड शिवापूरच्या पुढे साताऱ्याच्या दिशेनं जाऊन या, नाहीतर सकाळी लवकर जुन्या मुंबई हायवेवर देहूरोडच्या पुढे. साठ-सत्तरचा वेग, एक गिअर खाली, आरपीएम दोन हजाराच्या आसपास. शंभरनं पळवायची काही गरज नसते.

सांगलीची_हळद

सगळा धागा वाचला. आता माझा प्रश्न. ऑफिस घरापासून चार किलोमीटर, नवरा आणि मी मिळून महिन्याला फार तर चारपाचशे किलोमीटर, वर्षातून एकदा कोकण. एक २०२१ ची डिझेल मिळते आहे, किंमत चांगली आहे. घ्यावी का?

वारजेकर

नका घेऊ. चार किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतही नाही. रोज थंड गाडी, रोज अर्धवट रिजन. तुम्हाला त्रास आणि रस्त्यावरच्यांनाही. या वापराला पेट्रोल, सीएनजी किंवा घरी चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक. डिझेल घ्यावं ते ज्याचं रोजचं अंतर मोठं आहे आणि त्यातला बराच भाग मोकळ्या रस्त्याचा आहे त्यानं. मी स्वतः डेक्कनकडे काम असेल तर वनाजहून मेट्रोनं जातो, गाडी लांबच्या कामांना ठेवली आहे.

तेलपाणी

सहमत, ताई. चार किलोमीटरवाल्या डिझेल गाड्याच माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात.

घोडबंदर

युरियाबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे एक जण शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकतो म्हणतो. चालतं का?

तेलपाणी

अजिबात नाही. शेतीच्या युरियात अशुद्धी असते, पाणीही नळाचं. त्याचे खडे होतात, फवारणारा नोझल बंद पडतो, पंप जातो, आणि ते सुटे भाग महाग असतात. आयएसओ २२२४१ लिहिलेला, सीलबंद कॅन घ्या. उन्हात पार्किंगमध्ये महिनोन् महिने साठवू नका. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबू नका, कारण शून्यावर गेली आणि एकदा बंद केली की गाडी सुरूच होत नाही. युरियाचं सेन्सर फसवणारे "एम्युलेटर"ही मिळतात बाजारात. ते लावलं की गाडीला वाटतं फवारा चालू आहे, आणि नॉक्स सगळं बाहेर. डीपीएफ काढण्याइतकंच वाईट, फक्त दिसत नाही.

सांगलीची_हळद

डिझेलचा विचार सोडला. पण भावाचा रोजचा प्रवास सांगली ते कऱ्हाड आहे, तो तीच गाडी बघतोय. आधीच्या मालकानं डीपीएफ काढलेला नाही हे त्यानं कसं ओळखायचं?

तेलपाणी

त्याला डिझेल शोभतं, बघू द्या. गाडी गार असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरा रुमाल फिरवायचा. फिल्टर शाबूत असेल तर रुमालाला जेमतेम करडा डाग लागतो. काजळीचा जाड काळा थर लागला तर फिल्टर काढलेला आहे किंवा आतून फुटलेला आहे. मग गाडी लिफ्टवर चढवून डीपीएफच्या डब्यावर नव्यानं वेल्डिंग केल्याची रेघ दिसते का ते बघायचं. काही जण डबा तसाच ठेवून आतलं सिरॅमिक फोडून काढतात, म्हणून वेल्डिंग बघणं महत्त्वाचं. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी डीपीएफचा किंवा इंजिनचा लाइट क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी हात मारलाय.

शेवटी स्कॅनर लावून काजळीची पातळी आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघायचा. गाडी उभी असताना आणि नंतर आरपीएम वाढवून, दोन्ही वेळा. आरपीएम वाढवूनही फरक शून्याला चिकटून राहिला तर आत फिल्टरच नाही. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर पुढे बोलूच नका. भावाला गाडीचं मॉडेल आणि इंजिन कुठलं ते इथे टाकायला सांगा, त्या गाडीत हे वाचन कुठल्या नावानं दिसतं ते लिहितो.